वेळ झाली तरी प्रोग्राम बंद होत नाही? टायमरच्या बिघाडाची क्रमाने तपासणी

आधी लक्षणं सांगतो. तुमचं कोणतं आहे ते ओळखा.

साडेआठला बिलिंगचा प्रोग्राम आपोआप बंद व्हायला हवा होता, नऊ वाजले तरी तो चालूच. स्क्रीनवर चूक नाही, संदेश नाही. सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. दुसरं लक्षण म्हणजे प्रोग्राम बंद व्हायला निघतो, पण ‘फाइल सेव्ह करायची का?’ असं विचारून तिथेच थांबतो. तिसरं, विंडो जाते पण प्रोग्राम मागे जिवंत राहतो आणि बॅकअप घेताना ‘फाइल वापरात आहे’ असं येतं. चौथं, वेळेच्या आधीच बंद होतो, कधी कधी तर भलत्याच वेळी, सकाळी दहा वाजता. पाचवं, बंद होऊन मिनिटभरात परत उघडतो. आणि सहावं, ज्यानं मला सुरुवातीला फार छळलं: आठ महिने सुरळीत आणि एप्रिल लागला की बिघाड.

मी नागपुरात दुकानांचे, अभ्यासिकांचे आणि लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. बहुतेक ठिकाणी विंडोज आणि तिच्यातलाच टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेलं काम (टास्क) चालवणारा प्रोग्राम असतो, म्हणून मुख्यतः त्याबद्दल लिहितोय. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

कशालाही हात लावण्याआधी एक प्रश्न सोडवा: टायमर वाजलाच नाही, की वाजला आणि प्रोग्रामनं ऐकलं नाही? हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. लोक हे न ठरवताच सगळी सेटिंग्ज उलटीपालटी करतात, मग मूळ बिघाड सापडणं आणखी अवघड होतं.

हे पाहायला एक पैसा लागत नाही. टास्क शेड्युलर उघडा, तुमच्या टास्कच्या ओळीत ‘लास्ट रन टाइम’ आणि ‘लास्ट रन रिझल्ट’ हे दोन रकाने वाचा. वेळ आजची साडेआठची असेल तर टायमर वाजला. वेळ जुनी असेल, किंवा रिझल्टमध्ये ०एक्स४१३०३ असेल, तर टास्क चाललंच नाही. ०एक्स८००७०००२ असा लांब आकडा आला तर ज्या फाइलला हाक मारली ती त्या जागी नाही. टास्ककिल ही प्रोग्राम बंद करायची कमांड वापरली असेल आणि ०एक्स८० आलं, तर त्या नावाचा प्रोग्राम चालू असलेला सापडला नाही. ०एक्स१ असेल तर कमांड चालली पण काम जमलं नाही, आणि याचं कारण बहुतेक वेळा परवानगी असते.

०एक्स०, म्हणजे ‘काम झालं’, असं दिसलं की लोक निश्चिंत होतात. तिथेच फसगत होते. टास्ककिल साध्या रूपात वापरली तर ती प्रोग्रामला ‘बंद हो’ एवढा निरोप देते. निरोप दिला गेला की तिच्या लेखी काम यशस्वी. पुढे एक्सेल सेव्हचा प्रश्न विचारत बसलं तरी रिझल्ट ०एक्स० च राहतो.

शेड्युलरमध्ये उजव्या बाजूला ‘एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी’ असतं, ते आजच सुरू करून ठेवा. ते मुळात बंद असतं, त्यामुळे बिघाड झाल्यावर मागचं काही पाहायला मिळत नाही.

टायमर वाजलाच नसेल तर

आधी घड्याळ आणि तारीख बघा. फुकटची तपासणी, अर्ध्या मिनिटाची. टास्क करताना पीएमच्या जागी एएम राहून गेलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. सुरू व्हायची तारीख अमेरिकन पद्धतीनं आधी महिना, मग दिवस अशी असेल, तर ५ जूनचं टास्क ६ मेचं होऊन बसतं. टाइम झोन भारताचा, म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) अधिक ५:३० आहे ना, हेही बघून घ्या.

आता वीज. ही तपासणी दुसऱ्याच नंबरवर घेतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त बिघाड इथेच सापडतो. टास्क उघडा, ‘कंडिशन्स’ टॅबवर जा. तिथे ‘स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर’ यावर खूण आधीपासूनच असते. म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर असेल तर टास्क सुरूच होणार नाही. त्याच्या खालची खूण अशी की मध्येच वीज गेली तर चालू असलेलं टास्क थांबेल. बॅटरी वाचावी म्हणून ही सोय आहे, ती चुकीची नाही. पण एखादा प्रोग्राम वेळेवर बंद करणं हे क्षणभराचं काम असतं, त्याला ही अट कशाला? दोन्ही खुणा काढून टाका.

गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात याच्यामागे मी दोन उन्हाळे घालवले. दिवाळीत सगळं नीट, पावसाळ्यात नीट, आणि एप्रिलच्या मध्यावर मालकांचा फोन ठरलेला: “भाऊ, हे काऊन बंद नाही होऊन राहिलं?” पहिल्या वर्षी मी टास्क नव्याने करून दिलं. आठवडाभरात परत तेच. पुढच्या वर्षी मी मुद्दाम संध्याकाळी जाऊन बसलो. आठ वाजता गल्ल्याजवळचा माणूस उठला, लॅपटॉपचा चार्जर काढला आणि त्या बोर्डावर कूलरचा पंप लावला. गल्ल्यामागे एकच सॉकेट होतं. लॅपटॉप साडेआठला बॅटरीवर, आणि टास्क अटीप्रमाणे गप्प. जून संपता संपता कूलर बंद व्हायचा आणि बिघाड ‘आपोआप’ बरा व्हायचा. हिस्टरी सुरू असती तर ३२६ नंबरची नोंद पहिल्याच दिवशी सापडली असती. कॉम्प्युटर बॅटरीवर असल्यामुळे टास्क सुरू झालं नाही, असाच तिचा अर्थ आहे.

डेस्कटॉपवाल्यांनी ‘आमच्याकडे बॅटरी कुठे?’ म्हणून हा भाग सोडू नये. तुमचा यूपीएस यूएसबी वायरने कॉम्प्युटरला जोडलेला असेल तर वीज गेल्यावर विंडोज त्यालाच बॅटरी समजते आणि हीच अट लागू करते. मे महिन्यात संध्याकाळी वादळ येऊन लाइट गेली की नेमकं हेच होतं.

तिसरी तपासणी झोपेची. कॉम्प्युटर स्लीपमध्ये असेल तर त्यातलं काहीच चालत नाही. कंडिशन्स टॅबमध्येच ‘वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क’ आहे. रात्री उशिराचं काम असेल तर त्यावर खूण करा आणि पॉवर ऑप्शन्समध्ये वेक टायमर्सना परवानगी आहे का ते बघा.

इथे एक सल्ला देतो, जो तुम्हाला इतरत्र उलटा मिळेल. ‘सेटिंग्ज’ टॅबमध्ये ‘वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा’ या अर्थाचा पर्याय असतो. बॅकअपच्या टास्कला तो चांगला आहे. प्रोग्राम बंद करणाऱ्या टास्कला तो लावू नका. रात्रीचं टास्क चुकलं की ते सकाळी कॉम्प्युटर सुरू झाल्यावर थोड्या वेळानं चालतं, आणि नुकतंच बिल करायला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत प्रोग्राम जातो. चौथ्या लक्षणातलं ‘सकाळी दहा वाजता बंद होतो’ ते हेच.

‘जनरल’ टॅबही पाहून घ्या. ‘रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन’ असेल आणि त्या वेळी दुसऱ्याच खात्यानं लॉगिन केलेलं असेल, तर टास्क चालणार नाही. अभ्यासिकेत, जिथे एका मशीनवर तीन खाती असतात, तिथे हे हमखास होतं.

टायमर वाजला, पण प्रोग्राम हलला नाही

सगळ्यात सोपं आधी: नाव बरोबर आहे का? टास्ककिलला स्क्रीनवर दिसणारं नाव चालत नाही, प्रोसेसचं खरं नाव लागतं. वर्डचं खरं नाव विनवर्ड.ईएक्सई आहे, पॉवरपॉइंटचं पॉवरपीएनटी.ईएक्सई. प्रोग्राम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ‘डिटेल्स’ उघडा आणि तिथलं नाव जसंच्या तसं घ्या. प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकल्यावर हे नाव बदलू शकतं, म्हणून ‘कालपर्यंत चालत होतं’ अशी तक्रार असेल तर मी इथूनच सुरू करतो.

पाच मिनिटांची चाचणी करा. रिकामं नोटपॅड उघडा. नवीन टास्क करा, वेळ दोन मिनिटांनंतरची द्या, ॲक्शनमध्ये प्रोग्राम म्हणून टास्ककिल आणि पुढच्या चौकटीत /आयएम नोटपॅड.ईएक्सई. नोटपॅड बंद झालं तर टायमरची सगळी साखळी ठीक आहे, दोष तुमच्या प्रोग्रामच्या बाजूला आहे. ही चाचणी मी कधीही चुकवत नाही, कारण यात कुणाचाही डेटा पणाला लागत नाही.

यापुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे: प्रोग्राम सुरू कोणी केला?

शेड्युलरच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टॉप द टास्क इफ इट रन्स लाँगर दॅन’ अशी ओळ आहे. तिथे मुळात ३ दिवस लिहिलेले असतात. यादीत १ तासाच्या खालचा पर्याय दिसत नाही, पण त्या चौकटीत हातानं ‘१० मिनिट्स’ असं इंग्रजीत टाइप केलं तरी चालतं. लोक हे लावतात आणि प्रोग्राम मात्र रोजच्यासारखा डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून उघडतात. मग शेड्युलरनं काय थांबवावं? तो स्वतः सुरू केलेल्या टास्कचीच वेळ मोजतो. तुम्ही हातानं उघडलेला प्रोग्राम त्याच्या हिशेबातच नसतो.

याचाच दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. काही प्रोग्राम आधी एक छोटा लाँचर सुरू करतात. तो खऱ्या प्रोग्रामला उठवतो आणि स्वतः बंद होतो. शेड्युलरला वाटतं टास्क दोन सेकंदांत संपलं, आणि मर्यादेचा प्रश्नच उरत नाही. बॅच फाइलमध्ये, म्हणजे कमांडच्या ओळी लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, ‘स्टार्ट’ लिहून प्रोग्राम उघडला तरी हेच. अशा वेळी मर्यादेचा नाद सोडा आणि ठरलेल्या वेळी टास्ककिल चालवणारं वेगळं टास्क करा. प्रोग्रामनं आपली पिल्लं सुरू केली असतील तर कमांडला /टी जोडा, म्हणजे त्याखालच्या प्रोसेसही जातात. तिसऱ्या लक्षणातली, मागे जिवंत राहून फाइल अडवणारी प्रोसेस बहुधा अशीच असते.

वेळेआधी बंद होण्याचं कारण अनेकदा बॅच फाइलमधल्या ‘टाइमआउट’ कमांडमध्ये सापडतं. टाइमआउट /टी ७२०० लिहिलं की ती ७२०० सेकंद, म्हणजे २ तास थांबते. पण त्या काळ्या विंडोत कुणी कोणतंही बटण दाबलं तर थांबणं तिथेच संपतं आणि पुढची बंद करायची ओळ चालते. /नोब्रेक जोडा, म्हणजे साध्या बटणानं ती सुटणार नाही. ९९९९९ सेकंदांपेक्षा जास्त आकडा ती घेत नाही. उलट बिघाडही होतो: त्या विंडोत माउसनं क्लिक झालं, मजकूर निवडला गेला, तर मोजणीच अडकू शकते. विंडोच्या वरच्या पट्टीत ‘सिलेक्ट’ असं दिसलं तर एस्केप दाबा.

इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी एक ओळ: लिनक्समध्येही ‘टाइमआउट’ याच नावाची कमांड आहे, पण काम वेगळं. विंडोजची नुसती थांबते, लिनक्सची प्रोग्राम सुरू करून ठरल्या वेळानं बंद करते. एकीकडची ओळ दुसरीकडे चालणार नाही. लिनक्सवर वेळ संपून प्रोग्राम बंद झाला तर १२४ हा आकडा परत येतो. आणि भाड्याच्या सर्व्हरवर क्रॉन (लिनक्सचा टास्क शेड्युलर) लावत असाल तर त्या सर्व्हरचं घड्याळ अनेकदा यूटीसीवर असतं, म्हणजे आपले रात्रीचे ९ तिथे १५:३० असतात.

‘सेव्ह करू का?’ आणि /एफ

आता त्या जागेवर आलो जिथे सगळ्यांचा हात घाईनं /एफ कडे जातो. /एफ म्हणजे विचारणं नाही, सांगणं नाही, सरळ प्रोसेस मारणं. प्रोग्रामला फाइल नीट मिटायला वेळ मिळत नाही. बिलिंगच्या किंवा हिशेबाच्या प्रोग्रामनं त्याच क्षणी डेटा लिहायला घेतला असेल तर नोंद अर्धी राहते. पुढे काय होईल ते नशिबावर.

म्हणून माझा नियम असा. ब्राउझर, गेम, व्हिडिओ प्लेअर, ऑनलाइन क्लासची विंडो यांना /एफ चालेल. हिशेब, बिलं, रुग्णांच्या नोंदी, रेकॉर्डिंग यांना नाही. रेकॉर्डिंग मध्येच मारलं तर अख्खी फाइल उघडेनाशी होऊ शकते. रेकॉर्डिंगच्या अनेक प्रोग्राममध्ये ठराविक वेळानं थांबायची सोय आतच असते, ती वापरा.

मधला मार्ग तीन गोष्टींचा आहे. साडेआठला साधी टास्ककिल. साडेआठच्या दहा मिनिटं आधी स्क्रीनवर सूचना, म्हणजे बसलेला माणूस काम सेव्ह करेल. आणि प्रोग्राम तरीही उघडा राहिला, तर त्या दिवशीचा बॅकअप न घेता मालकाला कळेल अशी व्यवस्था. वर्ड-एक्सेलची ऑटोरिकव्हर प्रत, म्हणजे आपोआप ठेवली जाणारी तात्पुरती प्रत, साधारणपणे दर १० मिनिटांनी बनते. तिच्यावर विसंबलात तर शेवटची दहा मिनिटं गेली असं समजा. अभ्यासिकेत एकदा एका मुलीची दोन तासांची टिपणं अशीच गेली, तिनं फाइलला नावच दिलेलं नव्हतं. तेव्हापासून मी पोरांच्या मशीनवर सूचनेशिवाय टायमर लावत नाही.

साध्या टास्ककिलबद्दल एक बारकावा: टास्क ‘रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट’ वर असेल तर ते पडद्यामागे, वेगळ्या सत्रात चालतं. तिथून तुमच्या विंडोपर्यंत हा सौम्य निरोप पोचत नाही. सेव्हचा प्रश्न यायला हवा असेल तर टास्क लॉगिन केलेल्या खात्यातच चालू द्या.

परवानगी, आणि परत उठणारा प्रोग्राम

कमांड हातानं चालवल्यावर ‘ॲक्सेस इज डिनाइड’ आलं तर तो प्रोग्राम बहुधा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे. जनरल टॅबमध्ये ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर खूण करा. खातं ॲडमिनचं नसेल तर ही खूण उपयोगाची नाही.

बंद होऊन परत येणारा प्रोग्राम बहुधा सर्व्हिस, म्हणजे विंडोजनं पडद्यामागे चालवलेला प्रोग्राम असतो. सर्व्हिसेसमध्ये त्याच्या ‘रिकव्हरी’ टॅबमध्ये ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ लिहिलेलं सापडेल. त्याला मारू नका, सर्व्हिस म्हणूनच थांबवा: नेट स्टॉप आणि पुढे सर्व्हिसचं नाव. शेड्युलरमध्ये कुणी दर पाच मिनिटांनी तोच प्रोग्राम उघडायचं टास्क करून ठेवलंय का, हेही चाळा.

पेटी उघडायची वेळ

रोज सकाळी तारीख मागच्या वर्षावर जात असेल, क्रोम ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ म्हणत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, शंभर रुपयांच्या आत मिळतो. इतवारीतल्या दुकानांत हा लवकर संपतो, कारण रात्री मेन स्विचच बंद करतात. मेन चालू असेल तर घड्याळाला वीज तिथून मिळते, बंद केलं की सगळा भार सेलवर. घड्याळ इंटरनेटवरून दुरुस्त होतं खरं, पण नेट उशिरा जोडलं आणि घड्याळानं एकदम उडी मारली, तर टास्कची वेळ त्या उडीत निघून गेलेली असते.

डेस्कटॉपचा सेल बदलताना वायर भिंतीतून काढा, फक्त स्विच बंद करून भागत नाही. जुना सेल कसा बसलाय त्याचा फोटो काढा. नंतर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) तारीख टाका. लॅपटॉप मात्र उघडू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

जबरदस्तीनं बंद केल्यानंतर हिशेबाचा डेटा उघडताना चूक दाखवत असेल तर लगेच हात थांबवा. दुरुस्तीचं बटण दाबण्याआधी डेटाचं संपूर्ण फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा, आणि त्या सॉफ्टवेअरच्या जाणकाराला बोलवा. पुन्हा पुन्हा दुरुस्ती चालवून मूळ डेटाही गेलेला मी पाहिलाय.

/एफ देऊनही प्रोसेस मरत नसेल तर ती बहुधा डिस्क किंवा ड्रायव्हरपाशी अडकली आहे. सोबत कॉम्प्युटर अडखळत असेल, डिस्कमधून टकटक येत असेल, तर टायमर विसरा, आधी डेटा वाचवा, आणि हार्डवेअरच्या माणसाकडे न्या.

नाव ओळखीचं नसलेला प्रोग्राम कितीही वेळा मारला तरी परत येत असेल, तर नेट काढा. त्या मशीनवरून बँकेचं काहीही करू नका, व्हायरसचं काम जाणणाऱ्याला दाखवा. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर बॅटरी फुगली आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, अशा वेळी ती बॅटरी चार्जिंगला लावणं धोक्याचं आहे.

बँकेचं, सरकारी किंवा कंपनीचं मशीन असेल तर सेटिंग्ज वरून ठरलेली असतात. तुम्ही बदललेली खूण उद्या परत येईल, तिथल्या सिस्टम ॲडमिनशी बोला.

आणि हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात मशीन चालवणारा, दवाखान्यात उपकरणाला जोडलेला किंवा वजनकाट्याचा कॉम्प्युटर असेल, तर त्यावर टायमरनं प्रोग्राम बंद करायचा प्रयत्नच करू नका. मला असं काम दोनदा सांगितलं गेलं आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. तिथे प्रोग्राम कधी आणि कसा थांबवायचा हे ती यंत्रणा बसवणाऱ्या इंजिनिअरनंच ठरवायचं.